झाकलेलं पाणी

लूमच्या खडखडाटाची कानांना सवय होते, कापसाच्या तुसाची मात्र कशालाच होत नाही. भिवंडीत आमच्या घरावर ते अहोरात्र उतरत असे. पापण्यांवर, भाकरीच्या पिठावर, दोरीवरच्या ओल्या पातळावर. आणि कलत्या उन्हात ते इतकं सुंदर दिसे, की ज्यांच्या छातीत ते साचत होतं त्या माणसांचा क्षणभर विसर पडावा!

माझ्या बाबांच्या छातीत ते साचलं होतं. अंजूरची शेती सोडून ते लूमवर आले, शिफ्टमागून शिफ्ट करत राहिले, आणि एकोणीसशे पंचाऐंशीच्या सुमारास खोकल्यानं त्यांना घरी बसवलं. मी शाळेत शिकवत होते. दिवसभर त्यांना सोबत असावी म्हणून मी मुंबईहून काचेची टाकी आणली आणि तिच्यात एक मासा. बोटाच्या दोन पेरांएवढा, मिशाळ, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा नदीतला हा जीव दुसऱ्या माशांच्या खोक्यातून चुकून आला होता. असा पुन्हा मिळायचा नाही, असं दुकानदार म्हणाला. बाबांनी चष्मा पुसून त्याला न्याहाळलं. “ह्यो तर आपल्या खाडीतल्या शिंगाळ्याचं पोर हाय!” म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी हसले.

मग त्यांचा दिवस त्या माशाभोवती फिरू लागला. तो तळाची वाळू मिशांनी चाचपत हिंडे, मध्येच डोळा मिचकावी, आणि अधूनमधून सरळ वर झेपावून बाहेरच्या हवेचा एक घोट घेऊन परते. बाबांना तो खेळ वाटे. मलाही. हवेसाठी चाललेली धडपड बाहेरून इतकी खेळकर का दिसावी?

त्यांना घोर एकच, पाण्यावर तरंगणाऱ्या तुसाचा. रोज सकाळी पंच्याच्या टोकानं ते टिपून घेत. “माझ्या छातीत गेलं ते गेलं, याच्या पोटात न्हाय जाऊ द्यायचं.” एका गुरुवारी मी अंबाडीला बहिणीकडे गेले, तेव्हा त्यांनी टाकी काठोकाठ भरली आणि वर काच घट्ट बसवली, तूस शिरेल एवढीही फट ठेवली नाही. शुक्रवारी लूमची सुट्टी, वीजही बंद. टाकीतला हवेचा पंप थांबला. संध्याकाळी मी परतले, तर मासा वरच्या काचेला खालून टेकलेला होता.

ती जात वरची हवा गिळून तगते, हे दुकानदारानं मला नंतर सांगितलं. पाण्यातला जीव पाण्यातच गुदमरला! बाबा विचारत राहिले, “तूस गेलं असंल ना गं पोटात?” मी हो म्हटलं. मायेनं केलेली चूक माणसाला कुठल्या तोंडानं सांगायची? त्या खोट्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. शेवटच्या आजारात त्यांची वाचा गेली होती. तूस आत येऊ नये म्हणून खोलीच्या साऱ्या खिडक्या मी लावून घेतल्या होत्या. ते उशीवरून मान उचलून पुन्हा पुन्हा खिडकीकडे बोट दाखवत होते. मला वाटलं, कुठेतरी फट राहिली असावी. मी उठले, फट शोधून काढली, आणि तिच्यात चिंधी कोंबली.