टेकलेली दांडी

गॅरेजच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठे टांगलेले असत. खोक्यांचेच पुठ्ठे, पण प्रत्येकावर एकेका गाडीच्या पोटाचं चित्र काढलेलं आणि जिथला बोल्ट तिथेच भोक पाडून खुपसलेला. या पुठ्ठ्यांमुळेच सगळा रस्ता मिस्त्रींना ‘पुठ्ठेवाले’ म्हणे.

ही सवय त्यांना मामांनी लावली होती. वयाच्या सतराव्या वर्षी मिस्त्रींनी पहिलं इंजिन एकट्याने जोडलं आणि तीन बोल्ट उरले. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, “वा! कंपनीवाल्यांना अक्कल नाही, उगाच तीन जास्त लावले. आमच्या भाच्याने ते शोधून काढले.” त्यानंतर चाळीस वर्षांत मिस्त्रींच्या हातून एक वायसरसुद्धा उरला नाही. जे जसं निघालं ते तसंच परत बसवायचं, हा त्यांचा कायदा होता.

त्या शनिवारी भर दुपारी मिस्त्री एका जुन्या ट्रकच्या सीटवर बसले होते. एकही बोल्ट उरला नव्हता, पुठ्ठा मोकळा झाला होता आणि तरीही ट्रक जागचा हलत नव्हता.

ट्रक जनावरांच्या दवाखान्याचा होता. चारही चाकांवर चालणारा, दणकट, वीस वर्षं घासलेला. तो डॉक्टरबाई चालवत. शेवटच्या पुलापलीकडे डोंगरावर जी जनावरं होती, तिथवर दुसरी कुठलीही गाडी चढत नसे. पंधरवड्यापूर्वी डोंगर उतरून त्या खाली आल्या, एक-दोन दांडे इकडेतिकडे केले आणि ट्रक ठप्प झाला. इंजिन डरकाळ्या फोडत होतं, चाकं ढिम्म. मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी लांबूनच निकाल दिला, “ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला. भंगारात द्या.”

दवाखान्याच्या साहेबांनाही तेच हवं होतं. पण ट्रक गेला की वरचा सगळा भाग डॉक्टरबाईंकडून काढून घेणार होते आणि त्यांना खाली टेबलावर बसवणार होते. म्हणून त्या ट्रक ओढत मिस्त्रींकडे घेऊन आल्या.

“मिस्त्री, शनिवारी चार वाजेपर्यंत मुदत आहे. चालला तर सोमवारी लसी घेऊन वर जाते. नाही चालला, तर तुमचे मेहुणेच क्रेन घेऊन येतील.”

मेहुणे, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचे थोरले भाऊ, भंगारवाले होते. त्यांच्या आवारात याच बनावटीचा एक ट्रक मागून ठोकर बसून पडला होता. त्याचा गिअरबॉक्स त्यांनी काढून दिला आणि वर चेष्टाही केली, “भावोजी, चालला तर तुमचा, नाही चालला तर दोन्ही माझे.”

मिस्त्रींनी आजवर ऑटोमॅटिकला हात लावला नव्हता. साधे गिअरबॉक्स ते डोळे मिटून उघडत. आतले दात बघितले की दुखणं कळे. पण ऑटोमॅटिकच्या पोटात काय असतं, याचा त्यांना थांग नव्हता. जुन्यातलं तेल काढलं तर ते काळपट निघालं. काळपट म्हणजे जळकं की नुसतं जुनं, तेही कळेना. बायकोला वास घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, “जळल्यासारखा येतोय. पण या गॅरेजात मला सगळ्याचाच जळका वास येतो.”

तिच्या या साक्षीवर त्यांनी गिअरबॉक्स उतरवला. त्याच्या मागे एक छोटी पेटी होती, पुढच्या नि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी. तीही उतरवली आणि पुठ्ठ्यावर सगळं टिपलं. दुसरा गिअरबॉक्स बसवताना मेहुण्यांनी बजावलं होतं, “पुढचं ते परातीएवढं जड चाक फिरवत आत सारायचं. तीनदा खट्ट वाजलं पाहिजे. दोनदाच वाजलं तर सगळं मुसळ केरात.”

आता ट्रक हलत नव्हता आणि घड्याळात दीड वाजला होता.

“किती वेळा वाजलं होतं गं?” मिस्त्रींनी सीटवरूनच विचारलं.

“दोनदा,” खाली टॉर्च घेऊन उभी असलेली बायको म्हणाली.

“तीनदा वाजलं.”

“मग विचारता कशाला?”

“तुला नक्की आठवतंय?”

“अहो, तिसऱ्यांदा जे वाजलं ते माझ्या हातातून पाना पडला म्हणून.”

मिस्त्रींनी बोटं मोजली. तीनदा की दोनदा? दोनदाच असेल तर सगळं पुन्हा खाली उतरवायला हवं, आणि त्याला दीड दिवस लागणार. तीनदा असेल तर मेहुण्यांनी दिलेला गिअरबॉक्सही बाद. त्यांनी पुन्हा दांडा पुढच्या गिअरला टाकला, रेस दिली. नुसता आवाज. रिव्हर्सला टाकला. तेच. जुना गिअरबॉक्स असताना ट्रक जसा वागत होता, तंतोतंत तसाच वागत होता.

“काढ विटा,” ते शेवटी म्हणाले. “मागे ढकलून कामाच्या खड्ड्यावर घेऊ. पुन्हा उतरवतो.”

गॅरेजची फरशी रस्त्याकडे उतरती होती. ट्रक आला त्या दिवशी डॉक्टरबाईंनी दांडा ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर टाकला होता. तरीही ट्रक हळूच मागे घसरू लागला होता, तेव्हा बायकोनेच धावत जाऊन चाकाखाली विटा लावल्या होत्या. पार्किंगसुद्धा धरत नाही म्हटल्यावर गिअरबॉक्स पुरता खलास, असं मिस्त्रींनी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

आताही दांडा ‘पी’वरच होता. बायकोने वीट ओढली आणि ट्रक मागे घसरू लागला.

“अहो, ब्रेक!”

मिस्त्रींनी ब्रेक दाबला. मग पाय तसाच ठेवून त्यांनी दांड्याजवळचं ‘पी’ पुन्हा एकदा बघितलं.

“काय झालं? घाबरलात?”

“पार्किंग धरत नाही.”

“तेव्हाही धरत नव्हतं.”

“तेच म्हणतोय मी. तेव्हाचा गिअरबॉक्स वेगळा, आताचा वेगळा. दोघांनाही एकच रोग कसा झाला?”

“दोघं एकाच वयाचे असतील,” बायको म्हणाली. पण तिचाही आवाज जरा खाली आला होता.

गिअरबॉक्स बदलूनही दुखणं तेच राहिलं, तर दुखणं गिअरबॉक्समध्ये नसावं. मग कुठे? गिअरबॉक्स आणि चाकं यांच्या मध्ये कुठेतरी. मध्ये तर ती ताकद वाटणारी छोटी पेटीच होती. तिचा दांडा सीटच्या बाजूला होता. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी तो बघितला होता, बरोबर जागी होता. आता हलवला तर लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला. तेव्हाही असाच फिरला होता आणि ‘काय छान तेल घातलंय’ असं त्यांना वाटलं होतं.

विटा परत लावून ते उतरले आणि भिंतीवरचा पुठ्ठा काढून उजेडात धरला. सगळी भोकं रिकामी होती. बोल्ट गाडीत गेले होते. प्रत्येक भोकाला बोल्ट घासल्याचा तेलकट काळा काठ होता. फक्त एका भोकाला नव्हता. ते कोरं करकरीत होतं; त्यात काही खुपसलंच नव्हतं. त्याच्या शेजारी त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘बारीक दांडी. नुसती टेकलेली. क्लिप नाही.’

त्यांना आठवलं. खाली उताणं झोपून काम करताना ही पेन्सिलीएवढी दांडी पेटीच्या खुंटीला टेकलेली दिसली होती. जुन्या गाडीत अशा निरुपयोगी तारा, पट्ट्या असतातच, असं समजून त्यांनी ती टिपून घेतली होती. आणि कायद्याप्रमाणे जशी होती तशीच, नुसती टेकवून, परत बसवली होती.

“अगं टॉर्च दे.”

ते ट्रकखाली सरपटत गेले. वरून बायकोने दांडा हलवला. दांडी पुढेमागे झाली, पेटीची खुंटी मात्र मधल्याच जागी गप्प उभी होती. मधली जागा म्हणजे न्यूट्रल. तिथे ना पुढची चाकं जोडलेली, ना मागची. मग गिअर टाका नाहीतर पार्किंग, चाकांना त्याचा पत्ताच नाही.

त्यांनी हातानेच खुंटी सरकवली, दांडी तिच्यात बसवली आणि खिशातली एक क्लिप लावली.

ट्रक चालू झाला. बायकोने विटा काढल्या. दांडा रिव्हर्सला टाकताच तो गॅरेजच्या दारातून असा सरळ मागे निघाला की बायकोला बाजूला उडी मारावी लागली.

“चालला!” ती ओरडली. मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. “म्हणजे आपण पंधरा दिवस... काखेत कळसा आणि गावाला वळसा?”

कोपऱ्यात जुना गिअरबॉक्स पालथा पडला होता. तो कदाचित धडधाकट होता, कदाचित खरंच मोडकळीला आला होता. दोन्हीची शक्यता सारखीच वाटत होती.

“दादाला सांगू नका,” बायको म्हणाली. “आयुष्यभर चिडवेल. आणि डॉक्टरबाईंना तर मुळीच नको. गाडी चालली, त्यांचं काम झालं.”

चारला दहा कमी असताना क्रेन आली, तिच्यामागून डॉक्टरबाई आल्या. ट्रक रस्त्यावर इंजिन चालू ठेवून उभा होता. मेहुण्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

“मानलं भावोजी! तीन खट्ट वाजले म्हणायचे.”

“ते नक्की माहीत नाही,” मिस्त्री म्हणाले. मग पुठ्ठा डॉक्टरबाईंपुढे धरून त्यांनी ते कोरं भोक दाखवलं. क्लिप कुठेतरी पडली असावी, मग दांडी कशी सुटली, आपण ती तशीच कशी परत टेकवली, सगळं सांगितलं. “बाई, जुना गिअरबॉक्स चांगला होता की वाईट, मला सांगता येणार नाही. कदाचित हा सगळा खटाटोप फुकट होता.”

बायकोने टॉर्च उगाचच लावली आणि विझवली.

डॉक्टरबाई पुठ्ठा फिरवून फिरवून बघत होत्या. “त्या दिवशी डोंगर उतरल्यावर सीटच्या बाजूचा तो छोटा दांडा मीच ओढला होता. जरा जास्तच हलका लागला. तुम्हाला सांगायला हवं होतं, पण मला वाटलं ते गिअरबॉक्समुळेच.” त्यांनी पुठ्ठा परत दिला. “मी इंजेक्शन देते, गाय उठते. माझ्या इंजेक्शनने उठली की तिची ती उठली, हे मलाही दर वेळी कळत नाही. पण आता एवढं सांगा, सोमवारी हा डोंगरावर जाईल का?”

“जाईल. ती क्लिप मी स्वतः बघून लावलीय. पण वर पोचलात की एकदा फोन करा.”

“तुमच्यासाठी की माझ्यासाठी?”

“माझ्यासाठी,” मिस्त्री म्हणाले.

त्या ट्रक घेऊन गेल्या. मेहुणे रिकामी क्रेन वळवत म्हणाले, “मग तो जुना तरी द्या. माझ्या फेरीचं सार्थक होऊ दे.”

“आज नाही. आधी उघडून बघतो.”

“तुम्हाला उघडता येतो?”

“नाही येत.”

“आणि चांगला निघाला तर?” बायकोने विचारलं.

चांगला निघाला तर मिस्त्रींची चूक पक्की होणार होती. वाईट निघाला तर तेल ओळखलं म्हणावं, की नुसतं नशीब, हे त्यांना ठरवता येईना.

“तर कळेल तरी,” ते म्हणाले.

त्यांनी खोक्याचा एक नवा पुठ्ठा फाडून घेतला, त्यावर दिसेल तशी बाह्यरेखा काढली आणि पालथ्या गिअरबॉक्सचा पहिला बोल्ट सैल केला. बायको टॉर्च घेऊन शेजारी टेकली.

“या वेळी मोजणार मी,” ती म्हणाली.