कुणी विचारलं तरच

वरची खोली दोन पोरींना भाड्यानं दिली तेव्हा मला वाटलं, नर्सा असतील. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर 'सिस्टर' लिहिलेलं, पांढरा ब्लाऊज, पायघोळ घागरा, सपाट बूट. मी एकटीच कशाला, अख्ख्या गल्लीला तसंच वाटलं. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरचे रिटायर मास्तर बाही वर करून बीपी मोजून घ्यायला जिन्यावर येऊन बसले. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. शेवटी आंध्राकडची होती ती म्हणली, "अंकल, हम दवाखानेवाले नहीं, चर्चवाले हैं."

मास्तरांनी बाही खाली केली. "मग आधी सांगायचं ना बाई, मी सकाळपासून उपाशी बसलोय."

तर अशा त्या आल्या. मॉर्मन म्हणतात त्यांच्या पंथाला. त्यांच्यात तरण्या पोरापोरींनी दीड-दोन वर्षं घरदार सोडायचं आणि वरचे सांगतील त्या मुलखात जाऊन देवाचं काम करायचं. मुलूख आपण निवडायचा नाही. आंध्राची होती ती जवळचीच म्हणायची, पण दुसरी कुठल्या कुठल्या समुद्रातल्या बेटावरची. मी म्हणलं, दाखव बरं नकाशात, तर तिनं बोट ठेवलं आणि बोटाखाली तिचं अख्खं गावच झाकून गेलं. हाडापेरानं थोराड, केस कमरेपर्यंत, हसली की डोळे मिटायचे. वय वीस-एकवीस. आमच्यात त्या वयाच्या पोरीला एकटीला पैठणच्या एसटीत बसवायचं तरी आई धा वेळा फोन करते.

एकटी म्हणलं खरं, पण एकटं राहायची तर त्यांना मुभाच नव्हती. दोघींनी कायम सोबत राहायचं. किराणा आणायला दोघी, दळण टाकायला दोघी, एकीचं डोकं दुखलं तर दुसरीनं पण घरात बसायचं. समोरच्या घरातली म्हणायची, "बाई, नवरा-बायको पण इतकं चिकटून नसतेत." आणि चार-सहा महिन्यांनी वरून निरोप यायचा, जोडी मोडायची, एकीला दुसऱ्या गावाला धाडायचं आणि अनोळखी पोरगी आणून बसवायची. आंध्राची गेली तेव्हा ही बेटावरची दोन दिवस नीट जेवली नाही. मग नवीन आली, तिच्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून, तू भात कसा खाते आन् मी कसा खाते.

रविवारी काही विकत घ्यायचं नाही, हा अजून एक नेम. आणि आमच्याकडं नळाचं पाणी आठवड्यातनं एकदा, तेही आलं तर. नाही आलं तर जार आणा, टँकरवाल्याच्या पाया पडा. एका रविवारी वरची टाकी कोरडीठाक पडली, तर ह्या दोघी तहानेल्या बसून राहिल्या, पण जारवाल्याला हाक मारली नाही. मी माझ्या माठातलं नेऊन दिलं. म्हणलं, "हे विकतचं नाय, प्या." तेव्हा प्याल्या.

पण ह्या सगळ्याहून अवघड गोष्ट दुसरीच होती, आणि ती मला कळायला बरेच दिवस लागले. त्यांना त्यांच्या वरच्यांनी बजावून ठेवलेलं होतं, आपल्या देशात आपणहून कुणाच्या दारात जाऊन देवाचं बोलायचं नाही. कुणी विचारलं तरच सांगायचं. आता बोला! इतक्या लांबून सांगायला आली पोरगी, आणि सांगायचं कधी, तर कुणी विचारलं तर. म्हणून त्या रोज नीटनेटक्या होऊन बाहेर पडायच्या. बागेत बसायच्या, बसस्टॉपवर उभ्या राहायच्या, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलून द्यायच्या, पोरांना इंग्रजी शिकवायच्या. कुणीतरी विचारावं म्हणून.

आणि लोक विचारायचे बरं का. लई विचारायचे. लग्न झालं का. पगार किती. केसांना काय लावते. तुमच्या देशाचा व्हिसा मिळतो का. आमच्या पुतण्याला तिकडं काम लागंल का. देवाचं सोडून सगळं विचारायचे.

सोमवारी त्यांची सुट्टी. त्या दिवशी कपडे धुवायचे आणि घरी फोन लावायचा. गच्चीवर दोरीवर घागरे वाळत घातलेले आणि त्यांच्या आड बसून ती फोनवर बापाशी बोलायची. मी पापड वाळत घालायला जायची, तेव्हा दिसायचं. बाप पण तिच्यासारखाच थोराड. तो म्हणे तरुणपणी असाच दुसऱ्या बेटावर गेला होता आणि कितीतरी माणसं त्याच्या हातून त्यांच्या धर्मात आली होती. दर सोमवारी शेवटी तो एकच विचारायचा. भाषा कळत नसली तरी मला ते कळायला लागलं, कारण त्यानंतर ती नाही म्हणून मान हलवायची. मी एकदा विचारलं, काय म्हणतो गं बाबा?

"विचारतो, कोणी विचारलं का," ती म्हणली. माझ्याकडनंच शिकलेल्या मराठीत.

मग माझ्याकडं बघत राहिली. मला कळलं ती कशाची वाट बघती ते. मी पापड उलटे केले.

मी का नाही विचारलं, ते सांगते. मी आईच्या पोटात होते तेव्हा माझा बाप फुलंब्रीकडच्या खेड्यातनं नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्यावर घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं उचलून नदीत सोडले. आमच्या घरात तो प्रश्न तिथंच मिटला. मला शाळा नाही मिळाली, वाचायला मी माझी मीच शिकले, पण बापानं काय दिलं ते मला माहीत होतं. मग जिथं जायचंच नाही ती वाट विचारून उगं त्या पोरीला कशाला आस लावायची? आस लावून मोडणं लई वाईट.

पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. सामान वर चढवून झालं तसा मी चहा घेऊन गेले. ती हात जोडून म्हणली, "नो टी." आंध्राची पण नको म्हणली. बिस्किट घेतलं नाही, पाणी नको म्हणल्या. मी कपबशी तशीच घेऊन खाली आले. लहानपणी गावात आमच्यासाठी फुटक्या कानाची कपबशी वळचणीला खोचलेली असायची, आपली आपण काढायची, धुवून परत खोचायची. म्हणलं, आता सातासमुद्रापलीकडच्या पोरीला पण माझा चहा चालंना का? दोन-तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग आंध्राचीच खाली आली आणि सांगितलं, आंटी, आमच्या धर्मात चहा-कॉफी कुणाच्याच घरचा चालत नाही, राजाच्या घरचा पण नाही. पाणी नको म्हणलो ते बेटावरच्या पोरीचं पोट बिघडलंय म्हणून, तिला सध्या उकळलेलंच लागतं. मी म्हणलं, मग तोंडात काय दात नव्हते का सांगायला? तेव्हापासून त्यांना लिंबू सरबत.

मी समजून घेतलं. पण गल्लीत प्रत्येकाला कोण समजावणार? कुणाच्या दारात गेलं की चहा पुढं येतोच. नाही म्हणलं की घरच्या बाईचं तोंड उतरतं. मग नव्या जोडीदारणीनं तिला अक्कल दिली की नाही म्हणायचंच नाही, कप हातात धरायचा, गप्पा मारायच्या, आणि कुणी बघत नसताना कुठंतरी ठेवून द्यायचा. त्यानं काही दिवस निभावलं पण.

समोरचीची एकुलती एक लेक उन्हाळ्यात गेली होती. कॉलेजातली पोरगी, तापाचं निमित्त. त्यांची फुलंब्रीला जमीन आहे, नवरा इथं कंपनीत जातो. ती बाई आधी गल्लीभर आवाज करणारी, लेक गेल्यापासून दारातल्या तुळशीपाशी बसून राहायची. तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं ती तुळशीला जपून घालायची. बेटावरची पोरगी तिच्या लेकीच्याच वयाची, तिला बघितलं की म्हणायची, "ये गं, बस." ही पण बसायची. मराठी दोन वाक्यांच्या पुढं जायची नाही, पण बसायला कशाला लागते भाषा?

एक दिवस दुपारी मी, ह्या दोघी आणि समोरची, चौघी तिच्या पायरीवर बसलो होतो. तिनं चहा आणला. बोलता बोलता ती एकदम थांबली आणि बेटावरचीला म्हणली, "तुमच्यात म्हणे गेलेली माणसं परत भेटतात. खरं का गं ते?"

मी त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं. असं तोंड मी तिचं कधीच बघितलं नव्हतं. किती महिने वाट बघितलेली, तो प्रश्न आला होता. ती "हो" म्हणली. नुसतं "हो," आणि पुढचं मराठी शोधायला लागली.

"थांब," समोरची म्हणली, "तिचा फोटो आणते, आधी बघ, मग सांग." आणि आत गेली.

पोरीच्या हातात भरलेला कप. तिला वाटलं असंल, आता नीट बोलायचंय, हात मोकळे पाहिजेत, आणि बाई बाहेर येऊन कप तसाच भरलेला बघंल तर तिला वाईट वाटंल. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि कप तुळशीत ओतला. मी "अगं अगं" म्हणेपर्यंत ओतून झाला पण. वाफ निघाली मातीतनं.

समोरची दारात उभी होती, फोटो छातीशी धरून.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणली, "माझ्या पोरीनं लावलेली हाये ती." मग माझ्याकडं वळून, "ह्यांना घेऊन जा, आजी."

"अगं, त्यांच्यात चहा चालत नाय," मी म्हणलं, "तुझं मन मोडू नये म्हणून..."

"नाय चालत तर नाय म्हणायचं. माझ्या तुळशीत कशाला?" आणि फोटो तसाच पालथा धरून आत गेली.

पोरीला कळंचना काय झालं ते. वर नेऊन मी समजावलं, ते झाड म्हणजे काय, ते कुणी लावलं होतं. समजल्यावर ती रडली नाही. भिंतीकडं तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी समोरच्या दारात जाऊन उभी राहिली, तिसऱ्या दिवशी पण. जोडीदारीण बिचारी सोबत उन्हात उभी. दार उघडलं नाही. तुळशीला काही झालं नव्हतं, होती तशीच हिरवीगार, पण ते सांगायचं कुणाला?

त्यानंतरच्या सोमवारी गच्चीवर बाप फोनवर बोलला आणि शेवटी तिनं मान हलवलीच नाही. मी म्हणलं, काय गं, आज विचारलं नाही का बाबानं?

"आता नाय विचारत, आजी. मीच सांगितलं, नको विचारू."

मग ती बाहेर पडायची, बसस्टॉपवर उभी राहायची, पण नुसतं उभं राहिल्यासारखी. पोरं "सिस्टर, सिस्टर" करत मागं लागायची तर हसायची, डोळे मिटायचे नाहीत. दिवस भरले आणि तिची जायची वेळ आली. सकाळी बॅगा खाली आणल्या. मी दशम्या बांधून दिल्या. तिनं वाकून पाया पडल्यासारखं केलं, ते पण आमच्याकडूनच शिकलेली, आणि उभी राहिली. रिक्षा यायची होती. ती उभी, मी उभी. मला माहीत होतं ती कशाला उभी आहे. एक शब्द विचारला असता, तरी घरी गेल्यावर बापाला सांगायला तिला काहीतरी झालं असतं. माझ्या बापाचा चेहरा डोळ्यापुढं आला, आणि मी म्हणलं, "पाण्याची बाटली घेतली का?"

"घेतली," ती म्हणली. रिक्षा आली.

समोरचीनं खिडकी उघडून बघितलं, ते मी बघितलं.

त्यानंतर वरची खोली कोचिंगच्या पोरींना दिली. थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस समोरची माझ्याकडं आली, अशीच. लई दिवसांनी आली होती. बसली, पदराचं टोक पिळत राहिली आणि म्हणली, "आजी, ती पोरगी काय सांगणार होती हो? गेलेली माणसं कशी भेटतात, कुठं भेटतात? तुमच्याच घरात राहायची ना ती. तुम्हाला सांगितलं असंल."

"मला कुठलं सांगती? मी कधी विचारलंच नाय," मी म्हणलं.

"फोन बिन?"

"नाय गं."

मी उठून चहा ठेवला. दोघींनी प्यायला, आणि ती गेली.