डाव्या हाताने लिहिलेली ओळ

माझे काका जन्माचे भित्रे. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत यायचे, ओढून बघायला. काकू म्हणायची, "एक दिवस कुलूपच उखडून हातात येईल तुमच्या." मी त्यांच्याकडेच वाढले, त्यामुळे हे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं किंवा त्यांच्या तोंडून ऐकलेलं.

ते एका जहाज कंपनीत कारकून होते. त्या इमारतीत अशा नऊ कंपन्या, एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या. पण जिन्याच्या वळणावर एक फळा होता. कुठल्या बंदरात गाळ साचलाय, कुठे क्रेन बंद आहेत, ज्याला कळेल त्याने तिथे लिहायचं. खाली नाव नाही. तीन-चार जहाजांच्या या कंपन्या जगाच्या दुसऱ्या टोकाला माल पोचवत होत्या, त्या या फळ्याच्या जिवावर.

काकांच्या कंपनीत नवे साहेब आले आणि म्हणाले, "आपली माहिती बाहेर गेली, तर लिहिणारा घरी जाईल."

त्याच आठवड्यात काकांच्या कंपनीच्या एका कप्तानाचा निरोप आला. एका दूरच्या बंदराच्या तोंडाशी गाळ वाढला होता, जहाजाचा तळ घासला, थोडक्यात निभावलं. वरच्या मजल्यावरच्या कंपनीचं जहाज दोन दिवसांनी तिथेच पोचणार होतं. माल ठासून भरलेला, वर बावीस माणसं.

काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. संध्याकाळी त्यांनी काकूला सगळं सांगितलं. काकू म्हणाली, "गप्प बसा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जिना रिकामा बघून त्यांनी डाव्या हाताने ती बातमी फळ्यावर लिहिली. घाईत खडू दोनदा मोडला. आणि सवयीने तारखेखाली दोन रेघा मारल्या. अख्ख्या इमारतीत तशा रेघा फक्त काकाच मारत.

खुर्चीत बसल्यावर ते लक्षात आलं. पुसायला धावले, तर फळ्यासमोर साहेब उभे.

काका जागीच थांबले आणि म्हणाले, "साहेब, मीच लिहिलं."

साहेब वळले नाहीत. त्यांचं बोट खालच्या ओळीवर होतं. दुसऱ्याच एका बंदरात उद्यापासून संप, असं कुणीतरी नुकतंच लिहिलं होतं. काकांच्या कंपनीचं एक जहाज तिकडेच निघालं होतं.

"हे खरं असतं?"

"इथे खोटं कोणी लिहीत नाही, साहेब."

"मग जहाज वळवायला सांगा. आणि पुढच्या वेळी उजव्या हाताने लिहा, वाचता येत नाही."

वरच्या कंपनीने आपल्या जहाजाला बंदराबाहेरच थांबायला कळवलं. काका घरी आले आणि दारातच बसून थरथरायला लागले.

काकू त्यांचे बूट काढत म्हणाली, "नोकरी वाचली ना? आता कसली भीती?"

"बावीस माणसं होती," काका म्हणाले. "आणि आज दुपारपर्यंत मी गप्प बसलो होतो."