कायजोयजे मास्तर

कुणाच्याही ओट्यावर बसला की हा मास्तर आधी विचारायचा, "तुमले काय शिकनं जोयजे?" जोयजे म्हणजे पाहिजे. तो पुण्याकडचा, अहिराणी त्याची नव्हे. पण हा एक शब्द त्याने आल्याआल्या उचलला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आमच्या कोरीटला साक्षरतेचा वर्ग काढायला तो आला होता. गावाने त्याचं नाव कायजोयजे मास्तर ठेवलं.

"मोठा माणूस म्हणजे कोरी पाटी नव्हे," तो म्हणायचा. "त्याचं कुठे अडतं ते कळू दे, मग फळा टांगू." लोक चेष्टेने चहा मागायचे. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओट्यावर हजर. आमच्या माणसांना इतक्या मानाने तोवर कुणी काही विचारलं नव्हतं.

माझ्या वडिलांनी, आबांनी, सरळ सांगितलं, "सहीनं काय करू? कागदमा काय लिखेल शे, ते वाचाले शिकाडा." मास्तर खूश झाला. फळ्यावर शेतीच्या कागदांतले शब्द आले: हद्द, हिस्सा, विहीर. आबा बोट ठेवून 'हद्द' वाचू लागले.

मग तपासणीला साहेब आला. वर्गात कुणालाच सही येईना. "गाव साक्षर कधी दाखवायचं?" एवढंच त्याने सुनावलं. मास्तरची नोकरी कच्ची, घरी खाणारी तोंडं. दुसऱ्या दिवशी फळा पुसला गेला आणि सगळे आपापलं नाव गिरवू लागले. विचारणारा असा एकच भेटला, आणि त्यानेही शेवटी न विचारणाऱ्याचंच ऐकलं. मला अजून त्याचा राग येतो. त्याच्याइतकं आवडलेलंही कुणी नाही.

अंगठेवाल्याला कागद वाचून दाखवायची कचेरीत रीत होती. चुलत्यांशी वाटणी झाली तेव्हा आबा कारकुनाला म्हणाले, "वाची दखाडा."

"सही येते म्हणता ना? मग वाचा की."

चार लोक हसले. आबांनी मान खाली घालून सही केली. तोंडी ठरलेली आमची विहीर कागदावर चुलत्यांच्या हिश्शात गेली.

बदली झाली तेव्हा मास्तर निरोप घ्यायला आला. विहिरीचं त्याच्या कानावर आलं असावं, कारण या वेळी तो ओट्यावर बसला नाही. शेवटी जिभेची सवय, तोंडातून निघालंच, "आबा, काही जोयजे?"

"मन्हा आंगठा परत द्या," आबा म्हणाले.

मास्तरने हातातला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला आणि तो गेला. पुढे कुणी सही मागितली की आबा सांगत, "माले येत नही," आणि अंगठा पुढे करत.