दादासो पेंटरची वेबसाइट

गंगावेशीतल्या दादासो पेंटरनं तीस वर्षं लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक सही केली. भाची संघप्रियानं २००१ साली त्याची वेबसाइट करायला घेतली, पण कॉम्प्युटरमधलं एकही अक्षर त्याला पटेना. "ह्या अक्षराला पोटच न्हाय," म्हणत तो नेटकॅफेतून उठून जायचा. असं चार वर्षं चाललं. शेवटी ती वैतागली. "मामा, मग तुम्हीच रंगवा की."

त्यानं खरंच पत्रा घेतला आणि नाव, पत्ता, फोन नंबर रंगवला. तिनं त्या पत्र्याचाच फोटो साइटवर चढवला. वर मोठ्या अक्षरांत दादासो पेंटर, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत पुन्हा दादासो पेंटर.

"दोनदा कशाला?"

"वरचं मालकाचं," तो म्हणाला, "खालचं पेंटरचं."