शेवटचा मनोरा आणि आत्तीच्या मिरच्या

"आरं, उतरीव ते तुझं भूत खाली! कावळ्यांनी माझ्या मिरच्यांचं वाटोळं केलं!"

आत्ती गच्चीवरून ओरडत होती. आमची आत्ती ओरडली की पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशी काठावर येऊन रांगेत उभ्या राहतात, हे मी कुणालाही शपथेवर सांगायला तयार आहे. चहा तसाच टाकून मी जिना चढलो. गच्चीभर वर्षाच्या चटणीच्या मिरच्या पसरलेल्या, मधोमध केरसुणी घेऊन आत्ती, आणि तिच्या डोक्यावर उंच पाइपाच्या टोकाला माझी अँटेना. अँटेनाच्या आडव्या नळ्यांवर कावळ्यांची पंगत बसली होती. पंगतीनं खाली काय सांडलं होतं, ते मिरच्यांवर दिसतच होतं.

आत्ती म्हणजे वडिलांची बहीण. कोल्हापुरातलं हे घर तिचं, गच्ची तिची, मी तिच्याकडे राहणारा भाचा. शहराबाहेर शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी सुपरवायझर आहे, पण ती पोटाची सोय. माझं खरं काम मनोरे शोधण्याचं. अग्निशमन, पूरनियंत्रण, वनखातं, ह्या सगळ्यांचे बिनतारी संदेश डोंगरांवरच्या मनोऱ्यांवरून पुढं फेकले जातात. माझ्याकडे हातात मावणारा स्कॅनर आहे. तो एका चॅनेलवरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो आणि आवाज लागला की थांबतो. लोकांना वाटतं मी चोरून बोलणं ऐकतो. ते ऐकायचं नसतं, कायदाही तसाच आहे, आणि हल्ली सगळं डिजिटल झाल्यानं ऐकायचं म्हटलं तरी कढईत मोहरी तडतडल्यासारखी नुसती खरखर येते. मला पाहिजे असतं ते एवढंच, की ही खरखर कुठल्या डोंगरावरून येतेय. ते कळलं की कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या जिल्ह्याच्या नकाशात लाल टाचणी टोचायची. बास. एवढ्यासाठी मी जितकी पायपीट केली तितक्यात माणूस काशीला जाऊन परत आला असता, आणि वाटेत लग्नही उरकलं असतं.

सगळ्या टाचण्या टोचून झाल्या होत्या. एकच मनोरा सापडत नव्हता. पूरनियंत्रणाच्या चॅनेलवर तो अधूनमधून एक बारीक 'टीं' करायचा आणि गप्प बसायचा. तो 'टीं' इतका क्षीण, की गच्चीवरच्या ह्या मोठ्या अँटेनाशिवाय घरातून ऐकूच येत नव्हता.

हे सगळं मी आत्तीला मिरच्या पुसता पुसता सांगितलं आणि शेवटी हात जोडले.

"एकच राहिलाय आत्ती. तेवढा सापडेपर्यंत राहू दे."

"सापडेपर्यंत," आत्ती म्हणाली. "आणि मिरच्या डंकावर जायच्या आत न्हाय सापडला, तर तुझ्याच भट्टीत घालीन."

मी खूश झालो. मुदत मिळाली होती. मिरच्या वाळायच्या, देठं खुडायची, मग कुटायला डंकावर जायच्या. उन्हं कडक होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आभाळाकडे बघून ढगांची वाट पाहायला लागलो.

ह्या कामात माझा एक जोडीदार आहे. मिक्सर, पंखे, जुने रेडिओ दुरुस्त करतो. त्याच्या आजोबांपासून दुकान तेच, बाकडं तेच, आणि माझ्या मते बाकड्यावरची धूळही तीच. रविवारी दुकान बंद करताना 'तासाभरात येतो' हे तो घरी खरं वाटेल असं सांगू शकतो, हा त्याचा मोठा गुण. पोलादी मोजपट्टीचे तुकडे कापून, ते प्लॅस्टिकच्या नळीवर बसवून त्यानं हातात धरायची अँटेना केली होती. ती गोल फिरवायची, आवाज मोठा येईल तिथं थांबायचं, होकायंत्र लावायचं, आणि नकाशावर तिकडे रेघ ओढायची. मग दुसऱ्या जागेवरून तेच, तिसऱ्या जागेवरून तेच. तीन रेघा जिथं एकमेकींना छेदतील तिथं मनोरा. साधं काम.

माझ्या तीन जागा ठरलेल्या होत्या. एक घरची गच्ची; तिथं हातातल्याऐवजी पाइपावरची मोठी अँटेनाच फिरवायची. दुसरी राधानगरीच्या वाटेवरची एक टेकडी. तिसरी शिरोलीला, आमच्या फाउंड्रीचं आवार. जेवणाच्या सुट्टीत तिथं मोकळं उभं राहता यायचं.

रेघा काही केल्या जुळेनात. टेकडीवरची आणि शिरोलीची रेघ जिथं मिळाली तिथं आम्ही दोघं मोटरसायकलवरून गेलो, तर राधानगरीच्या अलीकडं एक म्हशींचा गोठा निघाला. मी अँटेना वर धरून गोठ्याभोवती फिरायला लागल्यावर मालक धोतर सावरत बाहेर आला.

"पावणं, रस्ता कुणीकडनं काढताय?"

आम्ही मोजणीवाले आहोत, त्याची जमीन रस्त्यात घालवायला आलोय, असं त्याला वाटलं होतं. जोडीदारानं त्याला समजावलं की रस्ता नाही, एक आवाज शोधतोय. मालकानं थोडा विचार केला आणि कोपऱ्यातल्या म्हशीकडं बोट केलं.

"मग हिला घिऊन जावा की. रातंदिस वराडतीया."

त्यानं आम्हाला तांब्याभर दूध पाजलं. ते इतकं दाट होतं की मला ते चावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शिरोलीवरून पुन्हा दिशा धरली, तर रेघ थेट धरणाच्या पाण्यातून गेली. तिसऱ्या दिवशी ती उलटी वळून कोल्हापूर शहरात शिरली. मी कँटीनमध्ये जाहीर करून टाकलं की सरकारनं ह्या मनोऱ्याला चाकं बसवलीत आणि तो गुपचूप फिरवला जातो. संध्याकाळपर्यंत ती बातमी आमच्याच शेजारच्या कारखान्यातून मला परत ऐकायला मिळाली, आणि तिथं मनोऱ्याला डिझेल किती लागतं तेही ठरलेलं होतं.

इकडे आत्तीनं देठं खुडायला घेतली. शेजारच्या चार बायका तिच्या मदतीला आल्या. मला त्या साऱ्या जणी माझ्या अँटेनाच्याच नळ्या खुडतायत असं वाटायचं.

आणि एका दुपारी फाउंड्रीच्या आवारात देवच भेटला. देव ट्रकच्या रूपात होता.

मी नेहमीप्रमाणे ओतीव लोखंडी मालाच्या थप्पीशेजारी सावलीला उभा होतो. पंपांची कवचं, मोटारींची कवचं, माणसाच्या उंचीची थप्पी. हातात होकायंत्र. तेवढ्यात पलीकडच्या बाजूला माल भरलेला ट्रक सुरू झाला आणि फाटकाकडे निघाला. आणि माझ्या तळहातावरची होकायंत्राची सुई ट्रकच्या मागोमाग मान वळवत गेली. नवरी सासरी निघाल्यावर आई दारातून बघते, अगदी तशी. ट्रक फाटकाबाहेर पडला तेव्हा कुठं ती मागं फिरली, आणि फिरून माझ्या शेजारच्या थप्पीकडे तोंड करून बसली.

इतके दिवस मी टनावारी लोखंडाच्या कुशीत उभा राहून उत्तर दिशा विचारत होतो. रोज माल निघायचा, रोज नवी थप्पी लागायची, आणि रोज माझी उत्तर दिशा थप्पीबरोबर गावभर हिंडायची. मनोरा बिचारा जागेवरच होता. चाकं मला होती.

जोडीदाराला फोन केला. तो म्हणाला, "भावा, हे कुणाला सांगू नगंस." म्हणूनच इथं लिहितोय.

त्याच संध्याकाळी लोखंडापासून लांब, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात उभं राहून नव्यानं दिशा धरली. घरी येऊन कपाटाच्या दारावर रेघ ओढली. तिन्ही रेघा शाहूवाडीकडच्या एका डोंगरावर अशा येऊन मिळाल्या, की मी कपाटाला मिठी मारली. मागून आत्तीचा आवाज आला. मिरच्या उद्या सकाळी डंकावर निघणार होत्या.

पहाट फुटली तेव्हा आम्ही डोंगराच्या पायथ्याशी होतो. चढ असा, की जोडीदाराचं पोट पुढं आणि तो मागून चाललेला. करवंदीच्या जाळ्यांनी माझी विजार फाडून तिची फडकी केली. पण दर वळणावर 'टीं' मोठा होत होता. शेवटच्या टप्प्यात मी स्कॅनरची अँटेना काढून खिशात घातली, तरी तो ठणाणा वाजत होता. आणि माथ्यावर आलो, तर समोर कुंपणाच्या आत एक पत्र्याची खोली, दोन सोलर पाट्या, आणि कोवळ्या उन्हात चमकणारा मनोरा.

उंचीला तो फार नव्हता. पण त्या घटकेला मला त्याच्या टोकाला ढग अडलेले दिसले, आणि मी त्यावर ठाम आहे. जोडीदारानं खिशातून गुलालाची पुडी काढली. ती तो पहिल्या दिवसापासून घेऊन हिंडत होता, गोठ्यातसुद्धा. कुंपणाबाहेर उभं राहून आम्ही एकमेकांना असं रंगवलं, की खालच्या वाडीतून एक म्हातारा बघायला वर आला आणि कोण निवडून आलं म्हणून विचारू लागला. आम्ही मनोऱ्याकडे बोट केलं. त्यानं मनोऱ्याला नमस्कार केला.

परतीला मी गाडी अशी हाणली, की वाटेतल्या मैलाच्या दगडांनी अंग चोरलं. गल्लीत शिरलो तर दारात रिक्षा उभी, रिक्षात मिरच्यांची पोती, आणि पोत्यांच्या मध्ये आत्ती. मी उडी मारून पुढं झालो. गुलालानं लाल तोंड, फाटकी विजार, हातात मोबाइल. मी फोटो आत्तीसमोर धरला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मिरच्या डंकावर पोचायच्या आत मनोरा सापडलाय. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवू लागली. जोडीदारानं उरलेला गुलाल रिक्षावाल्याला लावला.

आत्तीनं चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा करून नीट बघितला.

"ह्योच शेवटचा?"

"ह्योच आत्ती. आता एकबी राहिला न्हाय."

तिनं मोबाइल माझ्या हातात दिला आणि रिक्षावाल्याला निघायची खूण केली.

"मग काढ की आता ती अँटेना."