ओनेझिमो वारला म्हणे

दोना झुलेइदे, म्हणजे झुलेइदेबाई, आमच्या ब्राझीलच्या मिनास राज्यातल्या कोर्टाची बेलीफ. दाव्याचं समन्स ज्याच्या नावे, त्याच्याच हातात द्यायचं, हे तिचं काम. हे करता करता अशी झाली, की कुणी ‘कॉफी घ्या’ म्हटलं तरी ती आधी मागच्या दाराकडे बघते.

त्या दिवशी निळ्या फाटकापाशी तिने, आमच्याकडे घरातल्यांना बोलवायला वाजवतात तशा, टाळ्या वाजवल्या. कोपरापर्यंत माती माखलेला माणूस बाहेर आला.

“ओनेझिमो रेझेंदे इथंच राहतात?”

“राहायचे. वारले.”

झुलेइदेने कागद पाहिला. बहिणीने घरासाठी दावा लावलेला. मेलेल्या भावावर कोण दावा लावतं?

“आणि तुम्ही?”

“मी तातू. विहिरी खणतो.”

तातू म्हणजे बिळं करणारं जनावर. नावही लपणाऱ्याचंच, झुलेइदे मनात म्हणाली.

कुंपणापलीकडे जान्दिराआजी कपडे वाळत घालत होती.

“आजी, ओनेझिमो कुठंय?”

“दफनभूमीत, पोरी. फुलं मीच नेते.”

“छान बसवलंय सगळ्यांनी.”

“काय बसवलंय?”

“नाटक.”

दुसऱ्या खेपेलाही तेच. आमच्या कायद्यात बेलीफाच्या संशयालाही वजन आहे. माणूस दडून बसलाय असं दोन खेपांनंतर वाटलं, तर शेजाऱ्याला उद्याची वेळ सांगायची. त्या वेळी तो नसला तरी समन्स बजावलं असं धरतात.

“आजी, ओनेझिमोला सांगा, उद्या दहाला येते. नसला तर बहिणीचा दावा त्याच्याविना चालेल. घर जाईल हातचं.”

“मेलेल्याला कसं सांगू गं?”

“उकरून सांगा. खणणारा आहेच शेजारी.”

दुसऱ्या दिवशी तातू इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभा. हातात ओळखपत्र.

“उठले का वारलेले?”

“ते माझे वडील, दोना. त्यांचंच नाव मला ठेवलंय. आजीने ‘बहिणीचा दावा’ म्हटलं, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.”

“स्वतःचं नाव विसरलात?”

“त्या नावानं मला हाक मारतंय कोण? एकटी बहीण. तीही रागावली की.”

झुलेइदेने ओळखपत्र उन्हात धरलं. फोटोची कड नखाने खरवडून पाहिली. मागच्या दाराकडेही एकदा बघून घेतलं. मग कागद पुढे केला.

“उत्तर द्यायची मुदत खाली लिहिलीय. धरा, ओनेझिमो. रागावलीय ती.”